शिमला ऑफिस ते पिंपरी

पुण्यात शिवाजीनगरच्या ज्या मनोऱ्याच्या इमारतीला लोक आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात, तिचा शिमल्याशी संबंध नावापुरताच आहे. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलं आणि जुन्या पत्त्याचं नाव नव्या इमारतीला चिकटलं. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, तरी चौकाचं नाव काही बदललं नाही. त्याच १९२८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या सेंट मेरी हॉस्पिटलात अलेक्झांडर फ्लेमिंगच्या टेबलावर काचेच्या एका बशीत बुरशी उगवली आणि जगाला पेनिसिलिन मिळालं. त्यानंतर २६ वर्षांनी, शिमला ऑफिसपासून सुमारे १५ किलोमीटरवर, पिंपरीला ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स’ उभी राहिली. एका घरात पारा वाचून वहीत मांडला जात होता, दुसऱ्या घरात टाक्यांमधून पेनिसिलिन निघत होतं. या दोन घरांनी एकमेकांची विचारपूस करावी असं कुणालाच वाटलं नाही. औषधांना दाद न देणारे जिवाणू इतके का माजले, याची कहाणी आपण नेहमी पिंपरीच्या बाजूने सांगतो: डॉक्टरांनी वारेमाप लिहून दिली, केमिस्टने चिठ्ठीवाचून विकली, रोग्याने बरं वाटताच अर्ध्यावर सोडली. यातलं एक अक्षरही खोटं नाही. पण शिवाजीनगरच्या वह्या उघडल्याशिवाय ही कहाणी पुरी होत नाही. उष्णता एकटी प्रतिजैविकांना निष्प्रभ करत नाही, मात्र या औषधांच्या आयुष्यात ती पहिल्या दिवसापासून हजर होती आणि आपण तिच्याकडे पाठ फिरवून बसलो होतो, असं माझं म्हणणं आहे.

पाठ फिरवण्याआधी वैद्यकाचं आणि हवेचं नातं फार जवळचं होतं. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. त्यानंतर काही वर्षं मुंबई-पुण्यात साथ येत-जात राहिली. लोकांना तिचं वेळापत्रक तोंडपाठ झालं होतं. दख्खनमध्ये पावसाळा संपता संपता उंदीर पडायला लागायचे, थंडीत माणसं गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहायची आणि उन्हाळा चांगला तापला की साथ ओसरायची. परळच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या प्लेग आयोगाने हे लोकज्ञान आकड्यांत मांडलं. दिवसाचं सरासरी तापमान साधारण ८० अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की साथीचा जोर टिकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याचं कारण पिसवेच्या पोटात होतं: उष्णतेत तिच्या शरीरातले प्लेगचे जिवाणू फार काळ तग धरत नाहीत. म्हणजे त्या काळी एका जिवाणूचा बंदोबस्त करायचा तर थर्मामीटर वाचणं हा कामाचाच भाग होता. क्षयाचंही तसंच. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणीला ‘बेल-एअर’ काढलं, डॉ. वानलेस यांनी मिरजेजवळ सॅनेटोरियम उभं केलं, आणि दोन्हीकडे औषध म्हणून जे दिलं जायचं त्यात हवा अग्रभागी होती. ‘हवापालट’ हा शब्द मराठीत आज सुट्टीपुरता उरला आहे, पण शंभर वर्षांपूर्वी तो डॉक्टरांच्या चिठ्ठीतला शब्द होता.

मग पेनिसिलिन आलं. हवेची कटकट संपवणारं हे औषध हवेच्याच एका लहरीतून जन्मलं, यातली गंमत सहसा सांगितली जात नाही. फ्लेमिंग ऑगस्टमध्ये सुट्टीवर गेले होते आणि स्टॅफिलोकोकस जिवाणूंच्या बशा टेबलावर तशाच पडून होत्या. परतल्यावर एका बशीत बुरशीभोवतीचे जिवाणू विरघळलेले दिसले. हा प्रयोग तसाच पुन्हा करून पाहणाऱ्यांना मात्र तो जमेना, कारण वाढलेल्या जिवाणूंवर नंतर बुरशी पडली तर ती त्यांचं काही बिघडवत नाही. सेंट मेरीतच काम केलेले रोनाल्ड हेअर यांनी १९७० साली या कोड्याचं उत्तर लंडनच्या जुन्या हवामान नोंदींत शोधलं. जुलैअखेर आणि ऑगस्टच्या सुरुवातीला लंडनमध्ये काही दिवस चांगलाच गारवा होता. साधारण २० अंशांना बुरशी जोमात वाढते आणि जिवाणू रेंगाळतात. आधी गारव्यात बुरशीला आघाडी मिळाली, नंतर ऊन वाढलं तेव्हा जिवाणू वाढू लागले आणि तयार पेनिसिलिनच्या तोंडी पडले. हेअर यांची ही मांडणी झाल्या गोष्टीची जुळवाजुळव आहे, हे मान्य. पण इतकी पटणारी जुळवाजुळव दुसरी कुणी केलेली नाही. तो आठवडा ३० अंशांचा गेला असता तर बशी धुऊन टाकली गेली असती.

तापमानाची ही नाजूक तार पुढच्या कारखानदारीतही तुटली नाही. युद्धकाळात अमेरिकेत पिओरियाच्या प्रयोगशाळेने बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावरची पेनिसिलियमची जात निवडली, मक्याच्या कारखान्यातलं टाकाऊ पाणी तिला खाऊ घातलं आणि खोल टाक्यांत किण्वन सुरू केलं. अशा टाकीत बुरशी श्वास घेते तशी टाकी तापत जाते. ती २५ अंशांच्या आसपास ठेवली नाही तर बुरशी वाढते पण पेनिसिलिन देत नाही. म्हणून टाकीच्या पोटात नळ्यांची वेटोळी असतात आणि त्यांतून गार पाणी अखंड फिरतं. लंडनच्या एका थंड आठवड्याने जे फुकट दिलं होतं, ते पिंपरीला एप्रिल-मेमध्ये यंत्रांकडून विकत घ्यावं लागत होतं. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ ची, उत्पादन १९५५ पासूनचं. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रज्ञ आणि ज्ञान पुरवलं. नव्या देशाचा हा सार्वजनिक क्षेत्रातला पहिला औषध कारखाना. पेनिसिलिनपाठोपाठ स्ट्रेप्टोमायसीन आलं. पिंपरीच्याच संशोधनशाळेत डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशीवरचं ‘हॅमायसीन’ हे औषध शोधलं आणि त्या जिवाणूचं नाव ठेवलं ‘स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना’. एखाद्या गावाला शास्त्रात याहून चांगली ओळख मिळणं कठीण.

त्याच दशकात वैद्यकातून हवेला रीतसर निरोप दिला गेला. मद्रासला १९५६ साली सुरू झालेल्या क्षयचिकित्सा केंद्राने रोग्यांचे दोन गट केले. एकाला सॅनेटोरियमची खाट, सकस जेवण आणि विश्रांती दिली, तर दुसऱ्याला दाटीवाटीच्या घरातच औषधं दिली. दोन्ही गट सारखेच बरे झाले. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरची सॅनेटोरियमं हळूहळू रिकामी झाली. गरीब देशांसाठी ही मोठी मुक्ती होती, तिचं मोल कमी लेखण्याचं कारण नाही. फक्त त्या निष्कर्षाचा अर्थ आपण गरजेपेक्षा जास्त ताणला. रोग्याला बरं करायला हवा लागत नाही, एवढंच मद्रासने सिद्ध केलं होतं. जिवाणूलाही हवेशी देणंघेणं नाही, असं त्यात कुठेच नव्हतं. औषधं कायमची जिंकणार नाहीत याचा इशारा तर आधीच मिळाला होता. स्वतः फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेने जिवाणू निर्ढावतात असं बजावलं होतं. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत एकटं स्ट्रेप्टोमायसीन घेणाऱ्या बहुतेक क्षयरोग्यांच्या जंतूंनी काही महिन्यांतच त्याला दाद देणं थांबवलं होतं. हा सगळा इशारा मात्रेबद्दलचा होता. तापमानाचा विषय त्यात नव्हता.

पण मात्रा आणि तापमान या दोन गोष्टी तरी वेगळ्या कुठे आहेत? लहान मुलांचं प्रतिजैविकाचं सिरप बघा. बाटलीत कोरडी पूड असते. उकळून गार केलेलं पाणी काचेवरच्या रेषेपर्यंत घालायचं, खळखळून हलवायचं आणि मग ती बाटली फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवायची, असं वेष्टनावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. अमॉक्सिसिलिनसोबत क्लॅव्युलॅनेट असलेलं सिरप पाणी घातल्यावर उबेत झपाट्याने खराब होतं, त्यातही क्लॅव्युलॅनेट आधी जातं. आता ही बाटली चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या घरातल्या फळीवर ठेवा, जिथे फ्रीज नाही किंवा फ्रीज आहे पण दिवसाचे सहा तास वीज नाही. आई चमचा मोजून, वेळ पाळून, कोर्स पूर्ण करते. तिच्याकडून काहीही चुकत नाही. तरी पाचव्या दिवशी मुलाच्या पोटात जाणारं औषध लेबलावर लिहिलंय तेवढं नसतं. फ्लेमिंगना ज्या अपुऱ्या मात्रेची भीती होती ती इथे हलगर्जीपणातून नाही, फळीवरच्या उन्हातून तयार होते. केमिस्टच्या दुकानातल्या, टेम्पोतल्या, गावच्या उपकेंद्रातल्या पेट्यांचंही हेच. ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ ही ओळ ज्यांनी छापली त्यांच्या डोळ्यासमोर ४५ अंशांचं गाव नव्हतं.

हवेचा विषय पुन्हा रीतसर पटलावर आला तो २०१८ मध्ये. बोस्टन आणि टोरोंटोच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या ४१ राज्यांतून २०१३ ते २०१५ या काळातल्या सुमारे १६ लाख जिवाणू-नमुन्यांच्या नोंदी गोळा केल्या आणि त्या त्या ठिकाणच्या तापमानाशेजारी मांडल्या. किमान तापमान १० अंशांनी जास्त असलेल्या ठिकाणी औषधांना दाद न देणाऱ्या नमुन्यांचं प्रमाण ई. कोलायमध्ये ४.२ टक्क्यांनी, क्लेब्सिएलामध्ये २.२ टक्क्यांनी आणि स्टॅफिलोकोकसमध्ये २.७ टक्क्यांनी जास्त आढळलं. पाठोपाठ युरोपातल्या २८ देशांच्या २००० ते २०१६ च्या नोंदी तपासल्या गेल्या. तिथेही जिथल्या रात्री उबदार, तिथे रोध, म्हणजे औषधांना दाद न देण्याची जिवाणूंची ताकद, अधिक वेगाने वाढत गेलेला दिसला. यातला ‘किमान तापमान’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुपारचं रणरणतं ऊन जिवाणूंनाही सोसत नाही. उघड्यावर पडलेला जिवाणू त्यात वाळून मरतो. त्यांना हवी असते ती ओलसर ऊब, रात्रभर न ओसरणारी. गटाराचं पाणी, साठवलेली पिंपं, बाजारातलं मांस-मासळी, दमट भिंती यांचं तापमान दुपारपेक्षा रात्र ठरवते.

यावर पहिला आक्षेप कुणीही सुज्ञ माणूस घेईल. दोन आलेख सोबत चढले म्हणून एक दुसऱ्याला चढवतो असं थोडंच आहे? अमेरिकेतली उष्ण राज्यं दक्षिणेकडची, तुलनेने गरीब आणि प्रतिजैविकं अधिक खाणारी आहेत. युरोपातही नेदरलँड्समध्ये रोध कमी आणि ग्रीसमध्ये जास्त, याचं साधं स्पष्टीकरण म्हणजे डच डॉक्टरांचा हात आखडता आहे. आक्षेप रास्त आहे. अमेरिकी अभ्यासात औषधांच्या चिठ्ठ्यांचं प्रमाण आणि लोकवस्तीची घनता हिशोबात धरूनही नातं टिकलं, हे खरं. तरीही असे अभ्यास प्रदेशांची तुलना करतात, माणसांची नाही. तेवढ्यावर निकाल देता येणार नाही. प्लेग आयोगानेही नुसता आलेख काढून काम थांबवलं नव्हतं, पिसवेचं पोट चिरून पाहिलं होतं. म्हणून प्रश्न असा की इथे पिसवेच्या पोटासारखं काही सापडतं का?

सापडतं, आणि ते दिल्लीच्या गटारात सापडलं. २००८ साली स्वीडनमधल्या एका रुग्णाच्या नमुन्यात, जो आधी दिल्लीत उपचार घेऊन आला होता, एक नवं जनुक आढळलं. शेवटची राखीव म्हणून ठेवलेली कार्बापेनेम औषधं फोडून टाकणारं विकर ते बनवायचं. त्याला ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, थोडक्यात एनडीएम-१, असं नाव पडलं. (पिंपरीचं नाव औषध देणाऱ्या जिवाणूला आणि दिल्लीचं नाव औषध खाणाऱ्या विकराला, यावरून सरकारने किती आदळआपट केली ते अनेकांना आठवत असेल.) मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तर मार्च २०१० मध्येच लिहिलं होतं की त्यांच्याकडच्या कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ नमुन्यांपैकी २२ नमुन्यांत हे जनुक होतं. मग कार्डिफच्या संशोधकांनी दिल्लीत साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याचे १७१ नमुने घेतले, त्यांतल्या ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत ते जनुक मिळालं. आपल्या विषयासाठी मोलाची गोष्ट त्यापुढची आहे. हे जनुक प्लाझ्मिडवर असतं. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या मूळ गुणसूत्राबाहेरचं, स्वतंत्रपणे फिरणारं डीएनएचं कडं. दोन जिवाणू शेजारी आले की एक जण बारीक तंतू टाकून दुसऱ्याला जवळ ओढतो आणि कड्याची नक्कल त्याला देतो. दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी चालतं. दिल्लीच्या पाण्यातले जिवाणू वेगवेगळ्या तापमानांना ठेवून पाहिलं तेव्हा ही देवाणघेवाण २५ किंवा ३७ अंशांपेक्षा ३० अंशांना जास्त वेळा झाली. रोग्याच्या अंगात नाही, तर एप्रिल ते ऑक्टोबर दिल्लीच्या उघड्या नाल्यात जे तापमान सहज मिळतं त्यात.

यातच दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर आहे. माणसाचं अंग लंडनमध्ये आणि लातूरमध्ये सारखंच ३७ अंशांचं असतं, मग बाहेरच्या हवेचा जिवाणूला काय फरक पडतो, असं विचारलं जातं. जिवाणू जन्मभर अंगातच राहिला असता तर हा मुद्दा बिनतोड होता. पण तो आतड्यातून गटारात, गटारातून नदीत, नदीतून शेतात आणि भाजीबरोबर पुन्हा आतड्यात असा फिरत असतो, आणि नव्या ओळखी तो बहुधा प्रवासातच करतो. उष्णता म्हणजे सरसकट जिवाणूंचा फायदा, असंही कुणी समजू नये. १८८१ मध्ये लुई पाश्चर यांनी काळपुळीच्या म्हणजे अँथ्रॅक्सच्या जिवाणूला ४२-४३ अंशांत वाढवून त्याचा दात काढला आणि मेंढ्यांसाठी लस केली. तो निरुपद्रवी का झाला, हे शंभर वर्षांनी समजलं. तेवढ्या तापात त्याचं विष बनवणारं प्लाझ्मिड गळून पडतं. म्हणजे ४२ अंशांत एक जिवाणू आपलं कडं हरवतो आणि ३० अंशांत दुसरा आपलं कडं वाटत सुटतो. उष्णतेचा परिणाम अंशागणिक, जातीगणिक बदलतो. हवामान बदललं की सगळे जिवाणू एका रांगेत बलवान होतील, अशी भाकितं करणाऱ्यांनी पाश्चर पुन्हा वाचावा.

तिसरा आक्षेप वैज्ञानिक नाही, राजकीय आहे, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. हवामानाला दोष दिला की कारखानदार, डॉक्टर, सरकार सगळेच सुटतात. ‘काय करणार, गरमीच वाढलीये’ ही सबब फार सोयीची आहे. २०१८ मधल्याच एका जागतिक अभ्यासात रोधाचं नातं औषधांच्या खपापेक्षा सांडपाणी, पिण्याचं पाणी, आरोग्यव्यवस्था आणि कारभाराची गुणवत्ता यांच्याशी अधिक जुळलं होतं. मी तो अभ्यास माझ्या म्हणण्याच्या विरोधात मानत नाही. ऊब कशावर काम करते ते बघितलं पाहिजे. हैदराबादजवळच्या पटानचेरूत औषध कारखान्यांचं सांडपाणी एका सामायिक केंद्रात शुद्ध व्हायचं. त्या ‘शुद्ध’ पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचं प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत गेल्याचं स्वीडिश संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं. औषध घेतलेल्या माणसाच्या रक्तातही ते इतकं नसतं. हे पाणी नक्कावागू ओढ्यातून मांजरेला मिळत होतं, त्याच मांजरेला जी बीडच्या बालाघाटात उगम पावून लातूरची तहान भागवत खाली जाते. असं पाणी वर्षातले आठ महिने २५-३० अंशांना उबवलं जातं. पेनिसिलिनच्या टाकीला २५ अंशांवर ठेवायला पिंपरीला गार पाण्याची वेटोळी लागायची. ही दुसरी टाकी नुसत्या हवेवर चालते. कारखाना सुटत नाही; उलट उष्ण देशातल्या कारखान्याची जबाबदारी स्वीडनमधल्या कारखान्याहून जास्त ठरते.

आपल्या अंगणातलं उदाहरण डाळिंबाचं आहे. २००० नंतर सोलापूर, नाशिक, सांगली या पट्ट्यातल्या बागांवर ‘तेल्या’ उतरला, फळांवर तेलकट डाग पडून सालीला तडे जाऊ लागले, आणि कित्येकांनी बागा उपटून टाकल्या. तेल्या हा झँथोमोनास जिवाणूचा रोग. २८-३० अंशांची ऊब आणि पावसाचे शिंतोडे ही त्याची आवडती हवा. म्हणून शेतकरी मृग बहार सोडून हस्त किंवा आंबे बहार धरू लागले. हा तर शुद्ध हवामानशास्त्रातला निर्णय. आणि फवारणीला आलं ‘स्ट्रेप्टोसायक्लिन’, सहा ग्रॅमचं पाकीट, ९ भाग स्ट्रेप्टोमायसीन आणि १ भाग टेट्रासायक्लिन. कृषी सेवा केंद्रातून पाकिटांची चळत आणायची, दोनशे लिटरच्या ड्रममध्ये एकेक फोडून टाकायची, त्यात कॉपर मिसळायचं आणि काठीने ढवळून पंप लावायचा. पाकिटावर नाव हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचं. क्षयरोग्यांच्या सुईसाठी पिंपरीत आलेलं औषध असं बागेत पोचलं. शेतकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही; त्याला कृषी खात्याच्या शिफारशीत हेच सांगितलं गेलं होतं. वनस्पतीच्या जिवाणूचा माणसाशी काय संबंध, असं म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या सफरचंदाच्या बागा आठवाव्यात. तिथे स्ट्रेप्टोमायसीनला न जुमानणारी जी जनुकं झाडाच्या जिवाणूंत सापडली, तीच माणसाच्या जिवाणूंतही आढळली आहेत. केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पिकांवरच्या या दोन औषधांच्या बंदीचा मसुदा काढला, तेव्हा पिंपरीच्या पहिल्या टाकीला ६६ वर्षं झाली होती.

पिंपरीचं दुसरं अपत्य हॅमायसीन बुरशीवरचं होतं, आणि बुरशीच्या बाबतीत तापमानाची गोष्ट बहुधा सर्वांत उघड आहे. बुरशीजन्य रोग माणसाला तुलनेने कमी होतात, कारण आपलं ३७ अंशांचं अंग बहुतेक बुरशींना सोसत नाही. कँडिडा ऑरिस नावाची बुरशी २००९ मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानात पहिल्यांदा ओळखली गेली. काही वर्षांतच ती भारतासह कित्येक देशांतल्या अतिदक्षता विभागांत दिसली, आणि अनेक औषधांना दाद न देणारी निघाली. तापत्या हवेने हळूहळू सरावून तिने आपल्या अंगाच्या उबेचा अडसर ओलांडला असावा, असा तर्क आर्तुरो कासाडेव्हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडला. तो तर्कच आहे, पण त्याला दोन वर्षांनी अंदमानात एक धागा मिळाला. दिल्लीच्या संशोधकांना तिथल्या खारजमिनीत आणि किनाऱ्यावर ही बुरशी मिळाली. त्यातला एक नमुना असा होता की जो जास्त तापमानाला मंद वाढायचा आणि औषधांनाही मुकाट शरण जायचा, जणू रुग्णालयाचं तोंड न पाहिलेला जुना नातेवाईक. एका नमुन्यावरून सिद्धांत उभा राहत नाही, पण पुढे कुठे खणायचं ते कळतं.

हवामान खात्याने २०२४ चा हिशोब मांडला तेव्हा ते १९०१ पासूनचं भारतातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. वर्षाचं सरासरी तापमान १९९१-२०२० च्या सरासरीपेक्षा ०.६५ अंशांनी जास्त होतं. त्याची फोड केली तर दिवसाचं कमाल तापमान ०.२० अंशांनीच वाढलेलं दिसतं आणि रात्रीचं किमान ०.९० अंशांनी. अमेरिकेच्या आणि युरोपच्या अभ्यासकांनी नेमका जो स्तंभ वापरला, तोच त्या वर्षी आपल्याकडे जास्त चढलेला होता. रुग्णालयांतल्या रोधाच्या नोंदी आपल्याकडे आता दरवर्षी प्रसिद्ध होतात, तालुक्यागणिक किमान तापमानही नोंदलं जातं. ही दोन बाडं एका टेबलावर आणून ऋतू, जिल्हा आणि सांडपाण्याची सोय धरून वाचण्याचं काम महाराष्ट्रात व्हायला हवं, आणि त्यासाठी पुण्याइतकी सोयीची जागा नाही. शिवाजीनगरहून पिंपरीला आता मेट्रो जाते, अर्धा तासही लागत नाही.